वेत मोजावे ते दूध तोडण्याच्या दिवशी

मागच्या पौषात आमच्या काळ्या डुकरिणीचे तिसरे वेत झाले. संध्याकाळपासूनच ती अस्वस्थ होती. कोपऱ्यात टाकलेला पेंढा तोंडाने ओढून एका जागी गोळा करायचा, त्यावर बसायचे आणि पुन्हा उठून तो विस्कटायचा असे तिचे चालले होते. सड दाबल्यावर चिकाचा थेंब येऊ लागला तेव्हा रात्र तिथेच काढावी लागणार हे मी ओळखले. पहिले पिल्लू साडेअकराच्या सुमारास आले आणि शेवटचे दोन वाजून गेल्यावर. एकूण आठ पिल्ले झाली, सगळी जिवंत, आणि त्यांत एकही काळे नव्हते. आई नखशिखांत काळी, पिल्ले मात्र पांढरी, आणि एकदोघांच्या कमरेवर तेवढा निळसर डाग. सकाळी बघायला आलेल्या शेजाऱ्यांनी एकमुखाने सांगितले की सगळी बापावर गेली.

रंगापुरते ते खरे होते. बाप लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचा होता, आणि त्या जातीचा पांढरा रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो, त्यामुळे काळ्या मादीच्या पोटीही पहिल्या पिढीत बहुतेक पिल्ले पांढरीच निघतात. पण आठ हा आकडा बापाने आणलेला नव्हता. गोठ्यात उभे राहून पिल्ले मोजताना आपण रंग पाहतो आणि सगळे श्रेय किंवा दोष नराला देऊन टाकतो, आणि पैदाशीतल्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. माझ्याही तशाच झाल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर गोव्याच्या काणकोण तालुक्यात आहे आणि गेली काही वर्षे मी सहा-सात माद्यांचे छोटे वराहपालन करतो. याच तालुक्यातल्या आगोंद गावावरून इथल्या काळ्या गावठी डुकराच्या जातीला ‘आगोंदा गोवन’ हे नाव मिळाले असून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. ही डुकरे लहान चणीची आणि काटक असतात. हॉटेलातले उरलेले अन्न, फणसाची साले, भाताचा कोंडा, जे मिळेल त्यावर ती तगतात. सोर्पोतेल आणि चोरीस या डुकराच्या मांसाच्या गोवन पदार्थांसाठी जुनी माणसे अजूनही काळेच डुकर मागतात. मात्र या मादीच्या एका वेतात पिल्ले कमी होतात आणि ती वाढतात सावकाश. म्हणून सगळ्यांची धाव पांढऱ्या नराकडे असते.

एका वेतातली पिल्लांची संख्या कशाने ठरते ते आधी पाहू. मादी माजावर आली की तिच्या अंडाशयांतून किती स्त्रीबीजे सुटतात ही पहिली मर्यादा. त्यांपैकी बहुतेक फलित होतात, पण फलित झालेल्यांपैकी साधारण तीस ते चाळीस टक्के गर्भ ११४ दिवसांच्या गाभण काळात, त्यातही बरेचसे पहिल्या महिनाभरातच, नष्ट होतात आणि बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही. उरलेल्यांना गर्भाशयात जागा किती मिळते आणि वारेतून रक्तपुरवठा किती होतो यावर त्यांचे जन्मवजन अवलंबून असते. बीजे किती सुटली, गर्भ किती टिकले, जागा किती होती, या तिन्ही गोष्टी आईच्या शरीराच्या आहेत. नराचे वीर्य निकस असले किंवा रेतनाची वेळ चुकली तर पिल्ले कमी होतात हे खरे. पण नर कितीही मोठ्या वेतातून आलेला असला, तरी त्याने आईच्या पोटातली जागा वाढत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा चीनच्या मेइशान जातीने दिला. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात, ताई सरोवराच्या परिसरात वाढलेली ही जात दिसायला अगदी वेगळी आहे. सुरकुतलेला चेहरा, डोळ्यांवर लोंबणारे कान, संथ चाल. पण मादी तीन महिन्यांच्या आसपास वयात येते आणि युरोपीय जातींपेक्षा एका वेताला तीन-चार पिल्ले जास्त देते. फ्रान्सने १९७९ मध्ये ही डुकरे नेली, त्यानंतर ब्रिटन आणि अमेरिकेनेही नेली, आणि तिथल्या संशोधन केंद्रांत उलटसुलट संकर करून पाहिले गेले. मेइशान नर लार्ज व्हाइट मादीला दिला तेव्हा वेत मोठे झाले नाही. मेइशान मादीचे वेत मात्र नर कोणताही असला तरी मोठेच राहिले. आणि या दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या माद्या जेव्हा व्यायल्या, तेव्हा त्यांच्या पिल्लांची संख्या शुद्ध मेइशानच्या जवळपास पोचली. मेइशानचे गर्भ सुरुवातीला सावकाश वाढतात आणि त्यांची वार आकाराने लहान पण रक्तवाहिन्यांनी दाट असते, त्यामुळे तेवढ्याच गर्भाशयात अधिक पिल्ले मावतात. १९९६ मध्ये याच जातीच्या आधारे इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाला पेशीत धरून घेणाऱ्या ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक आणि वेताचा आकार यांचा संबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एका जनुकाने सगळे सुटेल अशी आशा अनेकांना वाटली होती. तसे झाले नाही, कारण हा गुण असंख्य लहान लहान जनुकांचा मिळून आहे, आणि मेइशानची अंगावर चरबी धरण्याची व सावकाश वाढण्याची सवय पिल्लांच्या संख्येबरोबरच येते.

इथे एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. ज्या लार्ज व्हाइटला आपण शुद्ध विलायती म्हणतो, ती स्वतः संकरातून घडलेली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रज पैदासकारांनी चीनकडून आलेली डुकरे आपल्या गावठी डुकरांत मिसळली आणि त्यातून तिथल्या नव्या जाती उभ्या राहिल्या. १८५१ च्या विंडसर प्रदर्शनात यॉर्कशायरच्या कीथली गावचा जोसेफ ट्युली नावाचा एक विणकर आपली मोठी पांढरी डुकरे घेऊन गेला आणि तिथून या जातीचे नाव झाले. माग चालवून पोट भरणाऱ्या माणसाने परसात वाढवलेल्या डुकरांपासून जगभर पसरलेल्या जातीचा लौकिक सुरू व्हावा, हे वाचल्यापासून माझ्या गोठ्याकडे मी थोड्या अधिक आदराने पाहतो. डॅनिश लँडरेसच्या घडणीतही लार्ज व्हाइटचा वाटा आहे. आज या दोन जाती आईच्या बाजूने वापरतात, कारण त्यांची वेते मोठी आणि दूध भरपूर असते. ड्युरॉक आणि हॅम्पशायर या बहुधा बापाच्या बाजूने वापरतात, कारण त्यांचे बळ वाढीत आणि मांसात आहे.

मग मोठ्या वेतातली मुलगी निवडून ठेवली की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. मीही सुरुवातीला तेच केले. पण पिल्लांच्या संख्येत मादी-मादीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण दहा टक्केच पुढच्या पिढीत उतरण्याजोगा असतो. उरलेला फरक खुराकाचा, वयाचा, हवामानाचा, रेतनाच्या वेळेचा आणि नशिबाचा. पहिलारू मादी कमी पिल्ले देते, तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत संख्या चढते आणि पुढे उतरते, हे न पाहता पहिल्या वेतावरून मादी विकून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. शिवाय चौदा पिल्लांत वाढलेल्या मुलीला लहानपणी दूध कमी मिळालेले असते, आणि त्याची उणीव तिच्या स्वतःच्या वेतातही दिसू शकते. सडांची संख्या हा गुण मात्र याहून बराच अधिक वारशाने येतो. म्हणून आता मी तरुण मादी निवडताना तिला उताणी धरून सड मोजतो, आत वळलेले किंवा मुके, म्हणजे दूध न येणारे, सड वेगळे धरतो, आणि बारा चांगले सड नसतील तर ती कितीही देखणी असली तरी ठेवत नाही.

निवडीने जे सावकाश मिळते ते संकराने लवकर मिळते, कारण ज्या गुणांचा वारसा दुबळा असतो त्यांतच संकरजोम, म्हणजे दोन जातींच्या संकरातून संततीला मिळणारे जास्तीचे बळ, अधिक दिसतो. पण हा जोम दोन हप्त्यांत येतो. काळ्या मादीला पांढरा नर दिला की पिल्ले संकरित होतात, आई मात्र शुद्धच असते. या पहिल्या संकरात जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या फारशी वाढत नाही, फार तर दोन-तीन टक्के. वाढते ती त्यांची तग धरण्याची शक्ती आणि वजन. खरा लाभ पुढच्या पिढीत आहे. या वेतातली मुलगी मोठी होऊन व्याली की आई स्वतः संकरित असते, आणि तिच्या वेतात आईच्या संकरजोमाने साधारण आठ टक्के, म्हणजे अर्धे ते पाऊण पिल्लू, जन्माच्या वेळीच जास्त मिळते. दूध तोडेपर्यंत हा फरक आणखी वाढतो, कारण अशी आई दुधालाही चांगली असते. तिला तिसऱ्याच जातीचा नर दिला तर आईचा जोम पूर्ण आणि पिल्लांचाही पूर्ण. आमच्या भागातले बहुतेक लोक पहिल्या संकराची सगळी पिल्ले, माद्यांसकट, सणासुदीला विकून टाकतात. ज्या मुलीसाठी संकर करायचा तीच बाजारात जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

जोमाचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. तो दोन्ही जातींच्या सरासरीवर मोजतात, चांगल्या जातीवर मोजत नाहीत. समजा, एका जातीची मादी सहा पिल्ले देते आणि दुसरीची दहा. सरासरी आठ. संकरित मादीला आठ टक्के जोम मिळाला तर साडेआठच्या थोडी वर पिल्ले होतील. दहाच्या पुढे ती जाणार नाही. ‘संकर केला तरी विलायतीइतकी पिल्ले नाहीत’ ही तक्रार म्हणूनच अर्धवट आहे. शुद्ध पांढऱ्या मादीला बंदिस्त जागा, मापून दिलेला खुराक आणि उन्हाळ्यात थंडावा लागतो. तो नसेल तर तिची दहा पिल्ले कागदावरच राहतात.

माझी स्वतःची चूक याच टप्प्यावर झाली. पहिल्या संकरातली दोन पिल्ले इतकी जोमदार निघाली की त्यातला नर मी पैदाशीला ठेवला आणि त्याच्याच बहिणींना दिला. बाहेरून नर आणायचा खर्च वाचेल असा विचार होता. संकरित नर आणि संकरित मादी यांच्या संततीत जोम निम्म्यावर येतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि सख्ख्या भावंडांच्या संबंधाने अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे, प्रमाण एकदम २५ टक्क्यांवर जाते हेही नाही. एका बहिणीने पाच पिल्ले दिली, त्यातली दोन मेलेली. दुसरीची सहा झाली, पण एकाचे गुदद्वार बंद होते आणि एक अंतर्गळाचे. दोष मी आधी पाण्याला दिला, मग कोंड्याला. पुढे शुद्ध यॉर्कशायर म्हणून एका विक्रेत्याकडून नर आणला, तर त्याची पिल्ले अर्धी काळी-पांढरी निघाली. म्हणजे तोही संकरितच होता, फक्त अंगाने पांढरा. रंगावरून जात ठरवू नये हा धडा मी असा पैसे मोजून शिकलो.

देशात इतर ठिकाणी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. गुवाहाटीजवळच्या राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण केला आणि राणीला ड्युरॉक देऊन ‘आशा’. घुंगरू ही उत्तर बंगालची काळी जात, देशी असूनही मोठ्या वेतासाठी प्रसिद्ध, त्यामुळे तिथे देशी आई निवडणे सार्थच होते. मेघालयात हॅम्पशायर आणि तिथली देशी जात निआंग मेघा यांच्यापासून ‘लुमसनिआंग’ झाला, रांचीत टॅमवर्थ आणि देशी यांच्यापासून ‘झारसुक’, बरेलीत लँडरेस आणि देशी यांच्यापासून ‘लँडली’. अशा वाणांत एका ठरावीक प्रमाणात दोन्ही रक्ते ठेवून पुढे आपापसांत पैदास करता येते, आणि लहान शेतकऱ्याला दरवेळी तीन जाती सांभाळाव्या लागत नाहीत. त्याची किंमतही आहे. दोन जाती निम्म्या-निम्म्या असतील तर पहिल्या संकराचा अर्धा जोम टिकतो, आणि एकीचे रक्त ७५ टक्क्यांवर नेले तर ३७.५ टक्केच. तरीही ज्याच्याकडे दोनच माद्या आहेत त्याने असा वाण घ्यावा असे मी म्हणेन. भावंडांची पैदास करण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

मोठ्या पांढऱ्या नराचे वजन अडीचशे किलोपर्यंत आणि पुढेही जाते, आमची काळी मादी त्यापुढे फारच लहान. त्यामुळे नैसर्गिक रेतनात तिला इजा होण्याची भीती असते. मोठ्या बापाची पिल्ले अडतील ही भीती मात्र फारशी खरी नाही, कारण पिल्लाचा आकार आईच्या गर्भाशयाने बांधलेला असतो. आता मी कृत्रिम रेतनच करतो. डुकराचे वीर्य गाईच्या वीर्यासारखे गोठवून नीट टिकत नाही. पातळ केलेले वीर्य १७ अंश सेल्सियसला ठेवून तीन ते पाच दिवसांत वापरावे लागते, आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवले तर ते वाया जाते. २०२० मध्ये अरुणाचल आणि आसामात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग आल्यानंतर तर उसना नर गोठ्यागोठ्यांतून फिरवणे मला पटेनासेच झाले. माज ओळखायला हाताची सवय लागते. मादीच्या कमरेवर दोन्ही तळवे टेकवून भार टाकला आणि ती कान ताठ करून जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली, तर वेळ आली. ती पुढे सरकली तर अजून थांबायचे. हा एक दिवस चुकला तर पिल्ले तीन-चारांवर येतात, आणि मग लोक जातीला नावे ठेवतात.

पिल्ले किती जन्मली हा आकडा ऐकायला गोड असतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. डेन्मार्कमध्ये जन्मणाऱ्या एकूण पिल्लांवर निवड करत गेले, संख्या वाढली आणि तिच्याबरोबर मृत व दुबळ्या पिल्लांचे प्रमाणही वाढले. २००४ पासून तिथे पाचव्या दिवशी जिवंत असलेल्या पिल्लांवर निवड सुरू झाली. आपल्या गोठ्यात तर हे आणखी खरे आहे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकारक द्रव्ये जवळपास नसतात आणि अंगावर चरबीही नसते. पहिल्या दिवसात चीक पोटात गेला नाही तर ते आठवडा काढत नाही. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेते आणि पुढे तोच धरते, म्हणून दहा सडांवर बारावे पिल्लू बाहेरच राहते. एक किलोच्या खालचे असेल तर त्याची धडगत कठीणच. तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर पिल्ले पांढरीफटक पडतात.

आणि इथे काळी मादी आपली योग्यता दाखवते. ती बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, घशातून घुरघुर असा आवाज काढते, पिल्ले बाजूला होईपर्यंत थांबते आणि मग भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली येते. मी एकदा शुद्ध पांढरी मादी ठेवली होती. तिला अकरा झाली होती, पण तिचे शरीर जड आणि ती बसायची एकदम. तीन पिल्ले पहिल्या दोन रात्रींतच चिरडली, दोन उपाशी राहिली, आणि आठ आठवड्यांनी दूध तोडताना माझ्या वहीत सहा लिहिली गेली. त्याच मोसमात काळ्या मादीच्या सातांपैकी सात उरली होती. एका मोसमावरून जातीचा निवाडा करता येत नाही हे मी जाणतो, आणि पिल्ले चिरडू नयेत म्हणून लावतात ती भिंतीलगतची लोखंडी नळी मी तेव्हा बसवलेली नव्हती हेही लिहून ठेवले पाहिजे. पण तेव्हापासून वहीतला ‘जन्मली’ हा रकाना मी बारीक केला आणि ‘दूध तोडताना किती, एकूण वजन किती’ हा मोठा.

आता माझ्याकडे दोन शुद्ध काळ्या माद्या आहेत, त्या मी विकणार नाही, कारण पुढच्या संकरासाठी त्यांच्यासारखी आई पुन्हा मिळेल याची खात्री नाही. त्यांच्या चार संकरित मुली आहेत आणि त्यांना ड्युरॉकचे रेतन चालू आहे. पौषातल्या त्या आठांपैकी आठही दूध तोडेपर्यंत राहिली. त्यांत पाच माद्या होत्या. एकीला चौदा सड आहेत, दोघींना बारा, उरलेल्या दोघींना दहा. दहा सडांच्या दोघी चवथीच्या आधी विकल्या. चौदावाली गेल्या आठवड्यात माजावर होती, कमरेवर हात ठेवताच उभी राहिली. हा तिचा तिसरा माज, म्हणून रेतन करून घेतले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ११४ दिवस मोजून मी खूण केली आहे.